ब्रुन्सविकचा सिंह

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी कपाटातली एक पितळी डबी बाहेर निघते. तीत माझ्या आजीच्या वेळचे सात राणीछाप रुपये आहेत. ते रांगोळीने घासायचे, धुऊन-पुसून पाटावर मांडायचे आणि त्यांच्यावर हळदकुंकू वाहायचे, असा आमचा रिवाज आहे. एका दिवाळीला माझ्या धाकट्या मुलीने त्यातला एक रुपया उजेडात धरला आणि विचारले, "बाबा, ही बाई कोण?"

"इंग्रजांची विक्टोरिया राणी."

"म्हणजे ही इंग्रज होती?"

मास्तराच्या घरी असा प्रश्न विचारणे धोक्याचे. तिथे साधे 'हो' मिळत नाही. मी म्हणालो, "राणी इंग्रजांची खरी, पण तिच्या बापाचे घराणे जर्मन." आणि मग चकलीचा तुकडा हातात तसाच राहिला व मी आठ शतके मागे गेलो. त्या रात्री पोरीला सांगितलेली हकीकत जरा नीटनेटकी करून आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

विक्टोरियाचे पूर्वज १७१४ साली जर्मनीतल्या हॅनोव्हरहून लंडनच्या गादीवर आले. हे हॅनोव्हरकर मूळचे ब्रुन्सविकचे. त्या ब्रुन्सविक शहराच्या जुन्या चौकात उंच चौथऱ्यावर ब्राँझचा एक सिंह जबडा उघडून उभा आहे. ११६६ च्या सुमारास तो ओतला. वजन सुमारे ८८० किलो. चौकात आज दिसते ती त्याची प्रतिकृती, अस्सल सिंह ऊनपावसापासून जपून शेजारच्या गढीत ठेवला आहे. ज्याने हा सिंह उभा केला, त्याला लोकही सिंहच म्हणत. तो सॅक्सनी आणि बव्हेरिया या दोन मोठ्या मुलखांचा ड्यूक हेन्री. राणीछाप रुपयावरच्या बाईचा हा पूर्वज.

इथेच वाचकांना एक सूचना देऊन ठेवतो. या हकीकतीत हेन्री नावाची माणसे फार आहेत. बाप हेन्री, मुलगा हेन्री, सावत्र बाप हेन्री, सासरा हेन्री आणि शेवटचा शत्रूही हेन्रीच! आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवतात तेव्हा निदान मध्ये एक पिढी जाऊ देतात. या लोकांना तेवढाही धीर नव्हता. तेव्हा नुसते 'हेन्री' म्हटले की आपला सिंह समजावा. बाकीच्यांना मी काहीतरी विशेषण लावीन.

त्या काळी जर्मनीचा राजा थोरामोठ्या सरदारांनी निवडायचा आणि मग पोपने रोमला त्याच्या मस्तकावर सम्राटाचा मुकुट ठेवायचा, अशी रीत होती. अर्थात निवडणूक आली की चुरस आली. दोन घराणी समोरासमोर होती. एक वेल्फ, दुसरे होहेनस्टाउफेन. हेन्री वेल्फांकडचा. त्याचे आईकडचे आजोबा, म्हणजे लोथार, स्वतः सम्राट होते. ११३७ साली ते वारले तेव्हा राज्य आपल्या जावयाला मिळावे अशी त्यांची इच्छा होती. हा जावई म्हणजे हेन्रीचा बाप. लोक त्याला 'मानी हेन्री' म्हणत आणि नाव काही उगाच पडले नव्हते. त्याच्याकडे दोन ड्यूकपदे होती आणि राजचिन्हेही त्याच्याच ताब्यात होती. सरदारांनी विचार केला, की आधीच इतका मोठा असलेला मनुष्य राजा झाला तर आपल्याला विचारील कोण? त्यांनी होहेनस्टाउफेन घराण्यातल्या कॉनराडला निवडले. मानी हेन्री नमला नाही. त्याचे दोन्ही मुलूख काढून घेतले गेले, आणि त्या झगड्यातच ११३९ साली तो अचानक मरण पावला.

मागे राहिला आठ-दहा वर्षांचा मुलगा. त्याचे वतन राखले ते त्याच्या आजीने. लोथारची विधवा रिखेन्झा ही मोठी करारी बाई. तिने सॅक्सन सरदारांना नातवाच्या पाठीशी उभे केले. पण ११४१ साली तीही गेली. पुढच्या वर्षी तह झाला. सॅक्सनी मुलाला परत मिळाली, आणि तहाची निशाणी म्हणून त्याच्या आईचे, गर्ट्रूडचे, दुसरे लग्न राजाच्या सावत्र भावाशी लावण्यात आले. हा ऑस्ट्रियाकडचा हेन्री. बव्हेरिया त्याला मिळाली. म्हणजे मुलाच्या बापाची दौलत सावत्र बापाच्या घरात गेली. ११४३ साली गर्ट्रूड बाळंतपणात वारली. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला आता ना बाप, ना आई, ना आजी. हेन्री पुढे कठोर झाला, लोभी झाला, कोणावर विसंबेनासा झाला, असे त्याचे शत्रू सांगतात. त्यांचे खरे मानूनही मला हे तेरा वर्षांचे पोर विसरता येत नाही.

११५२ साली कॉनराड वारला आणि त्याचा पुतण्या फ्रेडरिक राजा झाला. हाच इतिहासातला तांबड्या दाढीचा फ्रेडरिक, बार्बारोसा. त्याची निवड सुखासुखी झाली, कारण त्याच्या अंगात दोन्ही घराण्यांचे रक्त होते. बाप होहेनस्टाउफेन, पण आई वेल्फ! ती मानी हेन्रीची सख्खी बहीण. म्हणजे फ्रेडरिक हा हेन्रीचा आतेभाऊ. वयाने सात-आठ वर्षांनी मोठा. आतेमामेभावांत जे प्रेम असते ते या दोघांत होते, आणि पंचवीस वर्षे टिकले.

फ्रेडरिकने पहिली गोष्ट केली ती मामेभावाची फिर्याद मिटवण्याची. ११५६ च्या सप्टेंबरात रेगेन्सबुर्गजवळ समारंभ झाला. सावत्र बाप सात निशाणे घेऊन पुढे आला आणि बव्हेरियाची ती निशाणे त्याने राजाच्या हाती दिली. राजाने ती हेन्रीला दिली. हेन्रीने त्यातली दोन परत केली. त्या दोन निशाणांचा प्रदेश म्हणजे ऑस्ट्रिया. तो बव्हेरियातून वेगळा काढून सावत्र बापाला स्वतंत्र ड्यूकपद म्हणून दिला. ऑस्ट्रिया नावाचे वेगळे राज्य जन्माला आले ते असे, एका घरगुती वाटणीतून.

आता हेन्रीचा काळ सुरू झाला. त्याच्या कर्तृत्वाच्या दोन गोष्टी सांगतो, कारण त्यांत तो माणूस चांगला दिसतो आणि वाईटही. म्यूनिक शहराचे नाव वाचकांनी ऐकले असेल. बव्हेरियातून मिठाचा मोठा व्यापार चाले. मिठाच्या गाड्या इझार नदी ओलांडीत त्या फ्राइझिंगच्या बिशपच्या पुलावरून, आणि जकात बिशपच्या पेटीत पडे. हेन्रीने तो पूल मोडून टाकला आणि थोडे वरच्या अंगाला मुनिखेन नावाच्या लहानशा वस्तीपाशी स्वतःचा पूल, बाजार आणि टांकसाळ उभी केली. बिशप काही साधा मनुष्य नव्हता. तो फ्रेडरिकचा चुलता, आणि मोठा इतिहासकारही! त्याने पुतण्याकडे गाऱ्हाणे नेले. १४ जून ११५८ रोजी निवाडा झाला. पूल हेन्रीचा कायम, फक्त उत्पन्नाचा तिसरा हिस्सा बिशपला द्यावा. या निवाड्याचा दिवस म्यूनिककर आज आपल्या शहराचा वाढदिवस म्हणून पाळतात. दांडगाईतून जन्मलेल्या शहरांची यादी केली तर ती बरीच लांब होईल, म्हणून याबद्दल कोणी नाक मुरडू नये.

उत्तरेला समुद्रकाठी ल्यूबेकमध्येही हाच प्रकार. हे बंदर हेन्रीच्याच एका मांडलिकाने, होल्स्टाइनच्या आडोल्फने, वसवले होते आणि ते भरभराटीला येत होते. हेन्रीने अर्धा वाटा मागितला. आडोल्फने दिला नाही. मग हेन्रीने तिथला बाजार बंद पाडला. पुढे शहराला आग लागली, तेव्हा त्याने जवळच 'सिंहनगर' नावाचे नवे गाव वसवून पाहिले; ते काही जमले नाही. अखेर आडोल्फने जागा सोडली आणि ११५९ साली हेन्रीने ल्यूबेक पुन्हा उभारले. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, रशिया इकडच्या व्यापाऱ्यांना त्याने निरोप धाडले, की या, इथे तुम्हांला मोकळीक आहे. पुढे उत्तर समुद्रांवरच्या व्यापारी शहरांचा जो प्रसिद्ध संघ झाला, त्याचे हे मुख्य शहर. एल्ब नदीपलीकडच्या स्लाव्ह लोकांशी हेन्रीने ज्या लढाया केल्या, त्यांत मात्र मला भूषणावह काही दिसत नाही. हेल्मोल्ड नावाचा त्याच काळचा एक पाद्री लिहून गेला आहे, की त्या मोहिमांत धर्माचे नावही निघत नसे, पैशाचे मात्र निघे. पाद्र्यानेच हे लिहावे, यावरून काय ते समजावे.

संसाराकडे येतो. हेन्रीचे पहिले लग्न क्लेमेन्सिया नावाच्या सरदारकन्येशी झाले होते. मुलगी राहिली, पण वारस नव्हता. जवळच्या नात्याचे निमित्त काढून ११६२ साली काडीमोड घेतली. मग सोयरीक जमली ती थेट इंग्लंडच्या राजवाड्यात. तिथला राजा दुसरा हेन्री याची थोरली मुलगी मटिल्डा. लग्नाच्या खर्चासाठी सासऱ्याने आपल्या राज्यात खास कर बसवला. मुलीच्या लग्नात बाप कर्जबाजारी होतो हे आपण जाणतो. राजाला ती सोय अशी, की त्याने रयतेला कर्जबाजारी करावे. १ फेब्रुवारी ११६८ रोजी मिंडेनच्या मोठ्या चर्चमध्ये विवाह झाला. नवरदेव अडतीसच्या आसपास, नवरी अकरा-बारा वर्षांची. समुद्र ओलांडून, भाषा न कळणाऱ्या देशात, बापाच्या वयाच्या नवऱ्याच्या घरी आलेल्या त्या मुलीचे मन कसे असेल, ते कोणी लिहून ठेवलेले नाही. पण पुढच्या वीस वर्षांत तिने या घरासाठी जे केले, ते लिहून ठेवलेले आहे.

११७२ साली हेन्री मोठ्या लवाजम्यासह जेरुसलेमच्या यात्रेला निघाला. कॉन्स्टॅन्टिनोपलच्या सम्राटाने त्याचा सत्कार केला. परतीच्या वाटेवर आशिया मायनरमध्ये तुर्कांचा सुलतान किलिज अर्सलान याने तर त्याला नातलगासारखे वागवले, घोडे आणि शिकारी चित्ते भेट दिले. त्या यात्रेवरून पुढे लोकांनी एक सुरस कथा रचली. परदेशी भटकताना हेन्रीने एक सिंह आणि एक अजगर झुंजताना पाहिला, सिंहाला वाचवले, आणि तो सिंह कुत्र्यासारखा त्याच्या मागे मागे ब्रुन्सविकला आला. धनी मेल्यावर त्याच्या थडग्यावर पडून राहिला आणि तिथेच त्याने प्राण सोडला. माझ्या मुलीला साऱ्या हकीकतीत एवढाच भाग मनापासून आवडला. तो खरा नाही, हे मी तिला दुसऱ्या दिवशी सांगितले.

आता मूळ दुखण्याकडे वळू. त्याचे पहिले लक्षण एका इस्टेटीच्या व्यवहारात दिसले. हेन्रीचे एक काका होते, सहावे वेल्फ. तेच फ्रेडरिकचे मामा. त्यांचा एकुलता मुलगा ११६७ साली इटलीतल्या साथीत गेला. म्हातारा खर्चीक, मेजवान्या, शिकारी, दानधर्म यांत पैसा उडवी. त्याने पुतण्याला निरोप पाठवला, की मला रोकड दे, माझ्यामागे सारी जमीन तुझी. पुतण्याने कबूल केले आणि पैसे द्यायचे लांबवले. काका थकलेले, आज ना उद्या जातील, मग फुकटच मिळेल, असा त्याचा हिशेब असावा. काका रागावले. त्यांनी भाच्याला विचारले. भाच्याने, म्हणजे सम्राटाने, पैसे मोजले आणि ती सगळी वडिलोपार्जित जमीन होहेनस्टाउफेनांच्या घरात गेली. आणि काका? ते ११९१ पर्यंत जगले! असे हिशेब आपल्याही गावात कितीतरी चुकलेले मी पाहिले आहेत.

११७६ साल उजाडले. फ्रेडरिक इटलीत अडकला होता. उत्तर इटलीतली श्रीमंत शहरे त्याच्याविरुद्ध एकवटली होती आणि त्याच्याजवळ फौज थोडी होती. त्याने मामेभावाला बोलावणे पाठवले. आल्प्सच्या दक्षिण पायथ्याला कियावेन्ना नावाचे गाव आहे, तिथे दोघे भेटले. नेमके काय बोलणे झाले ते त्या दोघांनाच ठाऊक. पण पुढच्या बखरकारांनी लिहिले आहे, की सम्राट हेन्रीसमोर चक्क गुडघ्यावर बसला. ज्याच्यापुढे जर्मनी आणि इटली वाकत होती, त्याने भावाचे पाय धरले. हेन्रीने त्याला उठवले नाही. एक बखर सांगते, की हेन्रीचा कारभारी जोर्डान धन्याच्या कानाशी लागला आणि म्हणाला, मुकुट आज पायाशी आला आहे, उद्या डोक्यावर येईल. आणि सम्राज्ञी बिअॅट्रिसने नवऱ्याला हात देऊन उठवले व सांगितले, की आजचा दिवस ध्यानात ठेवा.

गुडघे टेकण्याचा प्रसंग खरा की रचलेला, यावर विद्वानांचे एकमत नाही. पण भेट निष्फळ झाली, हे नक्की. मदतीच्या बदल्यात हेन्रीने गोस्लार मागितले. गोस्लारजवळच्या डोंगरात चांदीच्या खाणी होत्या आणि तो राजाचा खाजगी ठेवा होता. फ्रेडरिकने नकार दिला. हेन्री घोड्यावर बसून घरी गेला.

इथे मास्तर म्हणून मी जरा थांबतो. वर्गात असा प्रसंग आला की मुले लगेच दोन तट पाडतात. कायद्याने पाहिले तर हेन्रीने त्या वेळी फौज दिलीच पाहिजे अशी त्याच्यावर सक्ती नव्हती, असे पुष्कळ अभ्यासक म्हणतात. इटलीतल्या लढायांत त्याने आधी रक्त सांडले होतेच. ११५५ साली खुद्द रोममध्ये दंगल झाली तेव्हा फ्रेडरिकचे रक्षण करण्यात तो पुढे होता. शिवाय उत्तरेत त्याला स्वतःचे शत्रू होते, फौज बाहेर नेली तर घर उघडे पडले असते. हे सगळे मान्य. पण बव्हेरिया त्याला परत कोणी मिळवून दिली होती? त्याच्यावर सरदारांनी वारंवार फिर्यादी केल्या तेव्हा वीस वर्षे पाठीशी कोण उभे राहिले होते? कायद्याचे देणे नसेल, पण देणे होते. माझ्या मते हेन्री चुकला तो 'नाही' म्हणण्यात नव्हे. अडलेल्या भावाला त्याने किंमत सांगितली, तिथे तो चुकला.

२९ मे ११७६ रोजी लेन्यानोच्या लढाईत इटालियन शहरांच्या फौजेने फ्रेडरिकचा पराभव केला. वर्षभराने त्याने पोपशी तह केला, घरी आला, आणि या खेपेस सरदारांच्या फिर्यादी आल्या तेव्हा त्याने भावाची बाजू घेतली नाही. एवढेच पुरे झाले. हेन्रीला एकदा, दोनदा, तीनदा बोलावणे गेले. तो आला नाही. बापाचाच मुलगा! न आल्याबद्दल त्याला दोषी ठरवले. १३ एप्रिल ११८० रोजी गेल्नहाउसेन इथे सॅक्सनीचे दोन तुकडे झाले; पश्चिमेचा कोलोनच्या आर्चबिशपला, पूर्वेचा बर्नहार्ड नावाच्या सरदाराला. त्याच वर्षी बव्हेरिया विटेल्सबाख घराण्यातल्या ऑटोला दिली. त्या घराण्याने ती १९१८ पर्यंत सोडली नाही.

वर्षभर लढाई चालली, पण ज्यांना हेन्रीने दुखावले होते ते सगळे आता समोर उभे होते, आणि ज्यांना मोठे केले होते तेही एकेक करून निघून गेले. ल्यूबेकनेदेखील सम्राटाला दरवाजे उघडले. ११८१ च्या नोव्हेंबरात एर्फुर्टला हेन्रीने भावाच्या पायावर लोटांगण घातले. सम्राटाने त्याला उठवले, त्याचे चुंबन घेतले आणि तो रडला. ल्यूबेकचा आर्नोल्ड हा बखरकार मोठा चतुर. तो अश्रूंची नोंद करतो आणि पुढे शंका काढतो, की खरी दया आली असती तर काहीतरी परत दिले असते. फक्त ब्रुन्सविक आणि ल्यूनेबुर्ग इथल्या वडिलोपार्जित जमिनी तेवढ्या राहिल्या. वर तीन वर्षांची हद्दपारी.

मटिल्डाला घरी राहण्याची मोकळीक होती. ती राहिली नाही. नवऱ्याबरोबर निघाली आणि ११८२ साली सारा संसार माहेरी, बापाच्या दारात घेऊन गेली. इंग्लंडच्या राजाने जावयाला चांगले वागवले. त्यांचा मुक्काम कधी नॉर्मंडीत, कधी इंग्लंडात असे. जावई स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेलाही जाऊन आला. ११८४ साली विंचेस्टर इथे मटिल्डाला आणखी एक मुलगा झाला. त्याचे नाव विल्यम. राज्य गेलेल्या बापाचा, परक्या देशात जन्मलेला शेवटचा मुलगा. त्याच्या जन्माने कोणाला फारसे काही वाटले असेल असे दिसत नाही. पण हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. ११८५ साली हेन्री आणि मटिल्डा परतले. ऑटो आणि विल्यम ही धाकटी मुले आजोळीच वाढली.

११८९ साली बार्बारोसा धर्मयुद्धाला निघाला. मागे हेन्री घरात असणे त्याला धोक्याचे वाटले, म्हणून पुन्हा तीन वर्षांची हद्दपारी. या वेळी मटिल्डा ब्रुन्सविकला राहिली, घर सांभाळायला. २८ जूनला ती वारली. वय अवघे तेहेतीसच्या आसपास. आठ दिवसांनी, ६ जुलैला, फ्रान्समध्ये तिचा बापही गेला. हेन्री शपथ मोडून परत आला. ज्या बार्डोविक गावाने त्याच्या पडत्या काळात त्याचा अपमान केला होता, ते त्याने ऑक्टोबरात जमीनदोस्त केले. म्हाताऱ्या सिंहाचा हा शेवटचा पंजा, आणि मला तो आवडत नाही. बार्बारोसा पुढच्या वर्षी १० जूनला आशिया मायनरमधल्या एका नदीत बुडून मेला. दोघा भावांची पुन्हा भेट झाली नाही.

आता राज्यावर आला बार्बारोसाचा मुलगा, सहावा हेन्री. वैर पुढच्या पिढीत उतरले. आपल्या सिंहाचा एक मुलगा, लोथार, ओलीस असतानाच मेला. मग जे कोणाला साधले नाही ते दोन बायकांनी साधले. सिंहाचा थोरला मुलगा, त्याला आपण धाकटा हेन्री म्हणू, आणि अग्नेस यांचे लग्न लहानपणी ठरल्यासारखे होते. अग्नेस कोण? बार्बारोसाच्या सावत्र भावाची, ऱ्हाइनच्या कॉनराडची, एकुलती मुलगी; म्हणजे सम्राटाची चुलतबहीण. दोन्ही घराण्यांचे फाटल्यावर ते बोलणे मागे पडले आणि सम्राटाने तिला फ्रान्सच्या राजाला द्यायचे मनात आणले. पण मुलीच्या मनात दुसरेच होते, आणि तिच्या आईच्याही. ११९३-९४ च्या हिवाळ्यात कॉनराड दरबारी गेला असताना आई इर्मेनगार्डने धाकट्या हेन्रीला गुपचूप निरोप धाडला. तो आला, आणि ऱ्हाइनकाठच्या श्टालेक किल्ल्यात रात्री लग्न लागले. बाप संतापला, सम्राट तर त्याहून. त्याने लग्न मोडण्याचा हुकूम दिला. पण झालेले लग्न मोडायचे म्हणजे स्वतःच्या मुलीची अब्रू घालवायची. कॉनराड तयार होईना, आणि त्याने हळूहळू पुतण्याचीही समजूत घातली.

त्या लग्नामुळेच ११९४ च्या मार्चमध्ये सम्राट आणि म्हातारा सिंह यांचा समेट झाला. भेटीला जाताना वाटेत घोडा घसरला आणि हेन्रीचा पाय मोडला. तशा स्थितीत तो गेला. त्यानंतर ब्रुन्सविक सोडून तो फारसा कुठे गेला नाही. जुन्या बखरी गोळा करायचा, त्यांच्या नकला करवून घ्यायचा आणि झोप येत नसे तेव्हा रात्ररात्र त्या वाचून घ्यायचा. इतिहासाचे वेड म्हातारपणी लागते हे मला पूर्वीपासून वाटत होते. ६ ऑगस्ट ११९५ रोजी तो वारला.

मुलांचे पुढे काय झाले? ऑटो, जो आजोळी वाढला, तो मामाचा, इंग्लंडच्या सिंहहृदयी रिचर्डचा, लाडका होता. ११९८ साली तो जर्मनीचा राजा झाला आणि १२०९ साली रोमला सम्राट झाला. कारभारी जोर्डानचे भाकीत एक पिढी उशिरा खरे झाले म्हणायचे! पण पोपशी बिनसले, १२१४ साली बूव्हीनच्या लढाईत तो हरला आणि १२१८ साली हार्त्स डोंगरातल्या किल्ल्यात निपुत्रिक मेला. अग्नेसच्या धाकट्या हेन्रीचा मुलगा तरुणपणीच गेला. मागे मुलीच राहिल्या. उरला विंचेस्टरचा विल्यम. नऊ-दहा वर्षांचा असताना तोही ओलीस म्हणून परक्यांच्या घरी राहिला होता, मामाच्या खंडणीपायी. तिशीतच वारला. पण त्याला एक मुलगा होता. घराण्यातला हा एकुलता नातू; त्याला लोक 'बाळ ऑटो' म्हणत आणि तो मोठा झाल्यावरही ते नाव चिकटूनच राहिले.

१२३५ च्या ऑगस्टमध्ये माइन्झ शहरी मोठा दरबार भरला. सिंहासनावर होता दुसरा फ्रेडरिक, बार्बारोसाचा नातू. त्याच्यापुढे बाळ ऑटो गुडघे टेकून बसला आणि आपली वडिलोपार्जित जमीन त्याने सम्राटाच्या चरणी वाहिली. सम्राटाने तीच जमीन ब्रुन्सविक-ल्यूनेबुर्गचे नवे ड्यूकपद करून त्याला परत दिली. कियावेन्नाला एकोणसाठ वर्षे झाली होती. तिथे जे दोघांच्या आजोबांना जमले नाही ते इथे एका सकाळी उरकले. नंतर तेहेतीस वर्षांनी, १२६८ साली, होहेनस्टाउफेनांच्या शेवटच्या पोराचे, सोळा वर्षांच्या कॉनराडिनचे, नेपल्सच्या चौकात मुंडके उडवले गेले आणि ते घराणे बुडाले. बाळ ऑटोचे वंशज ब्रुन्सविकला राहिले, वाटण्या करीत राहिले, भांडत राहिले, आणि त्यांतली एक शाखा हॅनोव्हरहून लंडनला गेली. विक्टोरिया तिच्यातली.

हेन्रीने आणि मटिल्डाने ब्रुन्सविकच्या चर्चसाठी शुभवर्तमानाची एक सचित्र पोथी करवून घेतली होती. हेरिमान नावाच्या साधूने ती सिद्ध केली. तीत एक चित्र आहे. आकाशातून हात खाली आले आहेत आणि ते या दोघांच्या मस्तकावर मुकुट ठेवीत आहेत. त्याच्या मागे त्याचे आईबाप आणि आजी-आजोबा, तिच्या मागे तिचा बाप आणि आजी. ही पोथी १९८३ च्या डिसेंबरात लंडनला लिलावात निघाली. जर्मन सरकार आणि इतर काहींनी मिळून सव्वातीन कोटी मार्कांना ती घेतली, आणि पैसे घालणाऱ्यांत हेन्रीच्या हातून गेलेली बव्हेरियाही होती. पोथी ब्रुन्सविकजवळच्या वोल्फेनब्यूटेलच्या ग्रंथालयात आहे.

समाधी ब्रुन्सविकच्या चर्चमध्ये. १९३५ साली हिटलरच्या राजवटीने ती उघडवली; पूर्वेचा मुलूख जिंकणारा वीर म्हणून त्यांना हेन्री हवा होता. आपल्या उपयोगासाठी मेलेल्या माणसांना उठवणारे लोक सगळ्याच देशांत असतात. वरची शिळा मात्र सुदैवाने जुनीच आहे, दोघांच्या मृत्यूनंतर चाळीसएक वर्षांनी घडवलेली. हेन्रीच्या एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात त्या चर्चची लहानशी प्रतिमा आहे. शेजारी मटिल्डा. तो साठी ओलांडून गेला आणि ती तेहेतीसाव्या वर्षी. पण कारागिराने दोघांना एकाच वयाचे, तरुण दाखवले आहे.